दरजा भरताना: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पाऊस ओसरला की भिंतींची पत्रं वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: दरजेतला, म्हणजे दोन विटांमधल्या फटीतला माल झडतोय, त्यात काय भरू? भिंत कुठली, वीट कसली आणि तिला ऊन, पाऊस की विस्तव लागतो, यावर उत्तर बदलतं. म्हणून पत्रं वेगवेगळीच घेतली आहेत.

आमच्या जुन्या वाड्याची मागची भिंत उघड्या विटांची आहे. दरजांमधला चुना भुगा होऊन पडत होता, म्हणून सहा वर्षांपूर्वी १:३ सिमेंटने सगळ्या दरजा भरून घेतल्या. आज सिमेंट जागच्या जागी आहे, पण विटांचे पापुद्रे सुटताहेत. खालच्या चार-पाच फुटांत पांढरा लोणा फुटलाय. काही ठिकाणी सिमेंटची जाळी पुढे आणि वीट अर्धा इंच आत, असं दिसतं. वीटच कच्ची निघाली का? — वाचक, वाई

वीट कच्ची असती तर ती आजवर टिकलीच नसती. बिघडलाय तो ओलीचा रस्ता.

जुन्या भिंतीला जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं आणि कुठूनतरी हवेत जातं. दरज चुन्याची असताना ते दरजेतून जायचं, कारण चुन्याचा माल विटेपेक्षा सच्छिद्र असतो. पाण्याबरोबर आलेले क्षारही दरजेतच साठायचे आणि झडायची ती दरज. म्हणजे तुमचा चुना भुगा होत होता तेव्हा तो त्याचं कामच करत होता. तीस-चाळीस वर्षांनी तो खरवडून नवा भरायचा, इतकाच हिशेब. १:३ सिमेंटने ती वाट बंद झाली. आता पाणी विटेतून बाहेर पडतं, विटेच्या तोंडामागे मिठाचे खडे धरतात आणि ते फुगले की पापुद्रा सुटतो. शिवाय कडक सिमेंट उन्हा-थंडीत विटेबरोबर हलत नाही. दोघांच्या मध्ये केसाएवढी फट पडते, त्यातून पावसाचं पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही.

आता सिमेंट काढायचं, पण सरसकट नाही. हातोडीच्या दांड्याने दरज ठोकून बघा. पोकळ वाजली तर सिमेंट वरवरचं बसलंय. अरुंद छिन्नी दरजेच्या मधोमध लावून हलके ठोके दिले की हातभर लांबीच्या कांड्या सुटून येतात. जिथे सिमेंटने विटेची कड घट्ट धरली आहे आणि काढताना विटेचा टवका उडतोय, तिथे हात आवरा. तेवढी दरज तशीच राहू द्या, वर्ष-दोन वर्षांत ती आपणच सुटेल. कटर-ग्राइंडर लावायचाच असेल तर फक्त आडव्या दरजेत, मधोमध एक चीर मारण्यापुरता. उभ्या दरजेत तो हमखास वरच्या आणि खालच्या विटेत घुसतो आणि ती खूण जन्मभर दिसते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

दरज किती खोल उकरायची? रुंदीच्या किमान दुप्पट. १० मिमी दरजेला २० ते २५ मिमी, १५ मिमीच्या दरजेला ३० मिमी. तळ चौकोनी हवा. छिन्नी तिरपी धरली की इंग्रजी व्ही आकाराची खाच पडते आणि त्यात भरलेला माल पाचरीसारखा बाहेर सरकतो. उकरून झालं की कुंच्याने धूळ काढा आणि वरून खाली पाणी मारत या. धूळ राहिली तर नवा माल धुळीला चिकटतो, भिंतीला नाही. काम फसण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

माल असा: मुरवलेला चुना १, चाळलेली खरखरीत वाळू ३. भिंत पावसाच्या तोंडावर असेल तर वाळूतला एक भाग काढून विटांची भुकटी, म्हणजे सुरखी घाला. सुरखी मऊ भाजलेल्या विटेची हवी. जास्त भाजलेला झामा कुटून घातला तर तो नुसती वाळूच ठरतो, चुन्याशी संयोग पावत नाही. बाजारातला पिशवीबंद विरलेला चुना चालेल, पण तो निदान दोन दिवस पाण्यात भिजवून लोण्यासारखा होऊ द्या. पिशवी जुनी वाटली तर चमचाभर चुन्यावर व्हिनेगर टाका. जोरात फसफसलं तर चुना हवेने आधीच मेलाय, परत करा.

मालात पाणी कमी. मूठ दाबली तर गोळा राहावा, बोटांतून पाणी सुटू नये. सैल माल भरायला सोपा, पण वाळताना आक्रसतो आणि दोन्ही कडांना चिरतो. भिंत आदल्या दिवशी आणि भरण्याआधी अर्धा तास भिजवा. पाणी जिरून ओलसर दिसली पाहिजे, चकाकता कामा नये. थापी उलटी धरून तिच्या पाठीवर माल घ्या आणि दरजेहून किंचित अरुंद लोखंडी पट्टीने तो आत दाबा, १० मिमीच्या दरजेला ८ मिमीची पट्टी. एका वेळी १० ते १२ मिमीचाच थर. अंगठा दाबला तर ठसा उमटेल पण बोट रुतणार नाही, अशा वेळी पुढचा थर.

शेवटचा थर विटेच्या झिजलेल्या कडेच्या किंचित आत ठेवा. कडेवर पसरवलात तर दरज दुप्पट रुंद दिसते आणि ती पातळ कड पहिल्याच पावसात सुटते. थापीने घोटून गुळगुळीत करायचा मोह पुष्कळ गवंड्यांना होतो. घोटलं की चुना वर येतो, पृष्ठभाग बंद होतो आणि आतला माल कच्चा राहतो. त्याऐवजी माल आवळला की जाड केसांच्या कोरड्या कुंच्याने थोपटा. वाळूचे कण उघडे दिसले की झालं.

नंतर ओलं गोणपाट टांगा आणि किमान सात दिवस दिवसातून तीन-चार वेळा पाणी शिंपडा. नळीचा फवारा नको. कामाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. एप्रिल-मेच्या उन्हात चुना धरण्याआधीच वाळतो आणि बोट फिरवलं की खडूसारखा हाताला येतो.

लोणा म्हणजे भिंतीवर आलेलं पांढरं मीठ. तो कोरड्या कुंच्याने झाडून गोळा करा आणि बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर मीठ पुन्हा भिंतीतच जिरेल. ज्या विटांचं तोंड गेलंय त्यांवर सिमेंटचा गिलावा नको. वीट सोडवून उलटी फिरवा, मागचं तोंड बहुधा शाबूत असतं.

दहा बाय दहा फुटांच्या भिंतीला किती माल लागेल? गवंडी म्हणतो चार पोती आणा. — वाचक, नाशिक

चार पोती कशाची, ते आधी विचारा. हिशेब सोपा आहे. नऊ इंच लांब, तीन इंच जाड विटेची भिंत असेल आणि दरज १० मिमी, तर एका चौरस मीटरला आडव्या-उभ्या मिळून साधारण साडेपंधरा मीटर दरज येते. ती २० मिमी खोल भरायची तर ३ लिटरच्या आसपास माल. खाली सांडणारा धरून ४ लिटर धरा. तुमची भिंत साधारण सव्वानऊ चौरस मीटर, म्हणजे ४० लिटरच्या आत काम होतं. पंधरा लिटरच्या बादलीने मोजाल तर तीन बादल्या वाळू आणि एक बादली चुना.

चार बादल्या होतात असं वाटेल, पण तयार माल तीनच बादल्या भरतो. चुना वाळूच्या कणांमधल्या पोकळीत बसतो. १:३ हे प्रमाण त्यातूनच आलंय. घरी करून बघा: भांडं कोरड्या वाळूने काठोकाठ भरा आणि मापाने पाणी ओतत जा. पाणी वर दिसायला लागेपर्यंत जेवढं मावलं तेवढी वाळूतली पोकळी, म्हणजे तेवढा चुना हवा. साधारण एक तृतीयांश भरतं. वाळू एकसारख्या बारीक कणांची असेल तर पोकळी जास्त निघते, चुना जास्त लागतो आणि माल चिरतो. बारीक-मोठ्या मिश्र कणांची वाळू घ्यायची ती म्हणूनच.

जुन्या वाड्यांच्या दोन इंची पातळ विटा आणि १५ मिमी दरज असेल तर हाच आकडा अडीचपटीच्या वर जातो, कारण थर जास्त आणि खोलीही जास्त.

चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालावं असं जुने लोक सांगतात. घालू का? — वाचक, सोलापूर

खोटं नाही ते. साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा जास्त विरघळतो, आणि अशा पाण्यात कालवलेला माल थापीखाली लोण्यासारखा चालतो. पण नुसत्या दरजा भरायला त्याची गरज नाही, आणि अंदाजाने ओतलेल्या गुळाने माल धरायला उशीर लागतो. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: मालात चिमूटभर जरी सिमेंट असेल तर गूळ नको. फार थोडी साखरही सिमेंटचं धरणं रोखते. उसाच्या रसाची बादली न विसळता सिमेंट कालवायला घेतली आणि दुसऱ्या दिवशी माल मऊच राहिला, तर दोष सिमेंटचा नाही.

आमच्या गुऱ्हाळाच्या धुराड्याला चुलवाणापासून दहा फुटांपर्यंत उभ्या भेगा गेल्यात आणि आतून दरजा मोकळ्या झाल्यात. दर वर्षी हंगामाआधी सिमेंटने लिंपतो, दर वर्षी पडतं. या वेळी जास्त सिमेंट घालून बघू का? — वाचक, करवीर तालुका

जितकं सिमेंट जास्त, तितका भुगा जास्त. सिमेंट धरताना त्यात चुन्याचा एक भाग तयार होतो. साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्या भागातलं पाणी उडून जातं आणि मागे कळीचा चुना उरतो. हंगाम संपला, पावसाची दमट हवा लागली की हा कळीचा चुना पाणी ओढून फुगतो आणि सगळा माल आतून फोडतो. म्हणून हंगामात बरी वाटणारी दरज श्रावणात हाताने निघते.

धुराड्याचे तीन भाग करा. जाळ थेट लागतो तो भाग, म्हणजे चुलवाणाचं तोंड, धुराची वाट आणि धुराड्याचे खालचे चार-पाच फूट. इथे आतून फायरक्लेची, म्हणजे जाळ सोसणाऱ्या मातीची वीट आणि फायरक्लेचाच माल. नव्या बांधणीत तो घावनाच्या पिठाइतका सैल करतात, वीट त्यात बुडवून घासून बसवतात आणि दरज २-३ मिमीचीच ठेवतात. हा माल पाण्याने धरत नाही, तापून भाजला की धरतो, म्हणून जाड दरज नुसती वाळून पडते. जुन्याच भिंतीत भरायचा असेल तर घट्ट ठेवा आणि त्यात फायरक्लेच्या विटेचा बारीक चुरा मिसळा, म्हणजे आक्रसणं कमी होतं.

त्याच्या वर आतल्या अंगाला जुन्या पद्धतीची चिकणमाती आणि वाळू चालते. दोन भाग वाळू, एक भाग माती. माती लाल विटांना लागते तीच. बाहेरून सगळीकडे चुना-सुरखी-वाळू, १:१:२. फायरक्ले किंवा माती बाहेरून लावू नका, पहिल्या पावसात धुऊन जाईल.

मोकळ्या दरजा एकदम उकरू नका. मातीत बांधलेलं धुराडं खाली हातभर उकरलं की वरच्या विटा बसायला लागतात. घेराचे सहा-आठ भाग पाडा, एक सोडून एक भाग उकरून भरा, ते आवळल्यावर उरलेले.

उभ्या भेगांचं कारण वेगळं. आतली बाजू तापून पसरते, बाहेरची गारच राहते आणि ताणाने चिरते. गार झालं की भेग मिटायला हवी. पण मधल्या काळात तिच्यात माल आणि कचरा पडलेला असतो, म्हणून ती पुरती मिटत नाही. पुढच्या हंगामात आणखी थोडी रुंद होते. भेग मालाने भरून हे थांबत नाही. बाहेरून लोखंडी पट्टे आवळावे लागतात: ५० मिमी रुंद, ६ मिमी जाड पट्टी, दोन अर्ध्या भागांत, बोल्टने जोडलेली, दर दोन-अडीच फुटांवर एक. धुराडं पूर्ण गार असताना, पट्टी नुसती अंगाला लागेल इतकीच आवळा. जोर लावून आवळलीत तर तापल्यावर विटा चिरडतील. भेगेत फक्त बाहेरून चुना-सुरखी भरा, पाणी शिरू नये एवढ्यापुरती.

काम गाळप संपल्यावर लगेच घ्या, उन्हाळ्यात. कडक उन्हात बाहेरच्या चुन्याला गोणपाट आणि पाणी दुप्पट लागेल, पण ऐन पावसात करण्यापेक्षा ते बरं. पावसाळ्यात धुराड्याच्या तोंडावर पत्रा बांधून ठेवा. आणि पहिल्या काहिलीआधी तीन-चार दिवस चिपाडाचा नुसता मंद जाळ ठेवा. ओल्या मालाला एकदम भडका दिला की आत वाफ होते आणि दरजा फुटून बाहेर येतात. यात घाई झाली तर बाकी सगळी मेहनत फुकट जाते.

चिऱ्यांच्या घराच्या दरजांवर पांढऱ्या उठावाच्या पट्ट्या काढून घेतल्या. दिसायला सुरेख, पण आतल्या भिंतीला ओल येते. — वाचक, राजापूर

उठावाची पट्टी म्हणजे प्रत्येक थरावर एक छोटी पागोळी अडवणारी फळी. पाऊस चिऱ्यावरून ओघळतो, पट्टीच्या वरच्या कडेवर थांबतो आणि तिथल्या फटीतून आत जातो. पट्टी छिन्नीने उडवा. दरज चिऱ्याच्या तोंडाबरोबर किंवा तसूभर आत घ्या आणि तिला खाली-बाहेर असा हलका उतार द्या. मालात चिरेखाणीतला चाळलेला भुगा थोडा मिसळलात तर रंगही जुळतो. खाडीची वाळू असेल तर गोड्या पाण्याने तीनदा धुऊन घ्या. मीठ राहिलं तर ते हवेतला दमटपणा ओढत राहील आणि ओल तुम्ही पावसाच्या नावावर खपवाल. शिंपल्यांचा चुना मिळत असेल तर जरूर वापरा, मात्र तो नुसत्या हवेने धरतो, म्हणून पावसाच्या तोंडच्या भिंतीला सुरखीची जोड द्या.

धुराड्यात पिंपळ उगवलाय. उपटून दरज भरू? — वाचक, सांगली

उपटू नका. मुळं दरजांमधूनच हिंडतात, ओढलीत की विटा सोबत येतात. बुंधा कापा. कापल्या-कापल्या ताज्या तोंडावर परवानाधारक कीडनियंत्रकाकडून तणनाशक लावून घ्या, पुरतं मरेपर्यंत थांबा आणि मग तेवढे तीन-चार थर उतरवून मुळासकट साफ करून पुन्हा बांधा. वरून दरज भरून पिंपळ मरत नाही.

आम्ही लीड्सला राहतो, १९०० च्या सुमाराचं ओळीतलं विटांचं घर आहे. छपरावरच्या चिमणीच्या दरजा बोटभर झिजल्यात आणि ती एका बाजूला कलल्यासारखी दिसते. कंत्राटदार सिमेंटने भरून देतो म्हणतो, नोव्हेंबरात. — वाचक, इंग्लंड

दोन्हींना नको म्हणा, सिमेंटलाही आणि नोव्हेंबरलाही. त्या काळची घरं चुन्यातच बांधलेली आहेत. तुमच्याकडे विटेचं तोंड उडण्याला आणखी एक कारण आहे: विटेत अडकलेलं पाणी गोठून फुगतं. एनएचएल ३.५ या नावाने मिळणारा नैसर्गिक जलधारी, म्हणजे पाण्यानेही धरणारा चुना घ्या, मिश्र कणांची खरखरीत वाळू अडीच ते तीन भाग. २५ मिमी खोल उकरा. पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम नाही, आणि भरल्यावर काही आठवडे दहिवरापासून राखावं लागतं. म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर. तोवर गळत असेल तर ताडपत्री.

कलण्याचं कारण बहुधा कोळशाचा धूर. धुरातला गंधक ओलीबरोबर मालात उतरतो, सिमेंट असेल तर त्यातल्या घटकांशी संयोग पावून फुगतो. ज्या बाजूला ओल जास्त टिकते ती बाजू उंच होते आणि चिमणी उलट बाजूला झुकते. परांची बांधली की ओळंबा सोडून मोजा. मीटरभर उंचीत १ सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर दरजा भरण्यात पैसे घालू नका, इंजिनिअरला दाखवा, ती उतरवून बांधावी लागेल. चिमणी शेजाऱ्याशी सामायिक असेल तर उतरवण्याच्या कामाला १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याखाली लेखी सूचना द्यावी लागते. नुसत्या दरजा भरायला सहसा लागत नाही.

परांची आहे तोवर वर चिमणीच्या तोंडाशी बसवलेल्या मातीच्या नळ्यांभोवतीचा उताराचा माल आणि छपराशी शिशाचा पत्रा दरजेत नीट खोचलेला आहे ना, तेही बघून घ्या. पत्रा सुटला असेल तर शिशाच्याच पाचरी मारून बसवायचा. त्यावर माल थापून झाकलेलं काम एका हिवाळ्यात उकलतं. आणि शेगडी वापरात नसेल तर चिमणीचं तोंड पुरतं बंद करू नका. वर पाऊस अडवणारी पण हवा सोडणारी टोपी आणि खाली खोलीत एक जाळी.

चुना धरला की नाही, कसं ओळखायचं? नखाने खरवडलं तर थोडा निघतो. — वाचक, पुणे

पहिल्या महिन्यात नखाने थोडा निघणारच. चुना हवेतला कर्बवायू शोषून बाहेरून आत धरत जातो, त्याला महिने लागतात. खात्री हवी असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत मिळणारं फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण आणा, कोपऱ्यातली एक दरज तिरपी फोडून ताज्या तुटीवर दोन थेंब टाका. कच्चा चुना गडद गुलाबी होतो, धरलेला तसाच राहतो. बाहेर २-३ मिमी पांढरं आणि आत गुलाबी दिसलं तर सगळं ठीक चाललंय, गोणपाट आणखी आठवडाभर ओलं ठेवा. सगळीकडे पांढरं आहे, रंग कुठेच येत नाही, तरीही माल बोटाने झडतोय, तर चुना आधीच मेलेला होता किंवा मापात कमी पडला. तेवढी दरज काढून पुन्हा भरा.